‘आमच्या आज्यांच्या काळी असले काही नव्हते’ : एका लोकप्रिय असत्याचा प्रतिवाद

१/
गेल्या काही दिवसांत इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक मजकूर पुष्कळ फिरला. त्याचा आशय असा: पूर्वीच्या स्त्रिया आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणे सोसून निमूट जात्यावर बसत, प्रसूतीनंतरचे नैराश्य त्यांना ठाऊकही नव्हते, हे दुखणे इंग्रजी वाचणाऱ्या पिढीने बाहेरून आणले. खाली शेकडो तरुणांनी माना डोलावल्या आहेत. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या विधानाचा प्रतिवाद करणे भाग आहे. विधान वैद्यकाचे दिसते, पण दावा इतिहासाचा आहे, आणि इतिहासाच्या दाव्याला पुरावा लागतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम संज्ञांचा घोळ मिटवू. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच स्त्रियांना उगाच रडू येते, चिडचिड होते. हे फार तर दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. हा आजार नव्हे. नैराश्य याहून वेगळे. दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, बाळ झोपले तरी आईचा डोळा लागत नाही, बाळाविषयी काहीच वाटत नाही किंवा अतोनात भीती वाटते, ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ हा विचार सुटत नाही. हे गरोदरपणातच सुरू होऊ शकते आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत केव्हाही उद्भवू शकते. तिसरी अवस्था दर हजार बाळंतिणींत एक-दोघींची: भास होणे, भलतेच संशय, असंबद्ध बोलणे, रात्र-रात्र न झोपता अंगात विलक्षण उत्साह. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच येते आणि तिथे एक दिवसही वाट पाहायची नसते.

३/
प्रमाण किती? भारतातील ३८ अभ्यासांचा आणि त्यांतील २०,०४३ मातांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष: २२ टक्के. पाच बाळंतिणींमागे एक, किंबहुना थोडी अधिकच. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते, आणि अर्ध्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही सावरलेल्या नव्हत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते, आणि मुलगी झाली हे होते. यांपैकी कोणते कारण विलायतेहून आयात झाले, हे त्या मजकुराच्या लेखकाने सांगावे. २०११च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यातील मुलींचे प्रमाण राज्याच्या सरासरीच्याही खाली होते. पेढे वाटायचे की जिलेबी, हा प्रश्न इथे प्रसूतिगृहाच्या दारातच सुटलेला असतो.

४/
आता मूळ दावा: ‘पूर्वी नव्हते, कारण जुन्या कागदांत नाही.’ कागद कोणी लिहिले, हे विचारल्यावाचून कागदातील मौनाचा अर्थ लावू नये, हा आपल्या विषयाचा पहिला धडा. १८८० साली मुंबई सरकारने खानदेशाचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. पिके, बाजार, जाती, किल्ले, रस्ते, सारे त्यात आहे. जळगाव आणि भुसावळ यांच्या मधले आमचे नशिराबाद तेव्हा काचेच्या बांगड्यांसाठी ओळखले जाई. त्या बांगड्या भरणाऱ्या हातांचे काय झाले, हा प्रश्न गॅझेटियरच्या कामाचा नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत ना साहेब गेला, ना त्याचा कारकून, ना माहिती पुरवणारा पाटील-कुलकर्णी. ज्या खोलीत घरच्या पुरुषांनाही मज्जाव, तिथली उदासी सरकारी दप्तरात कशी उतरणार?

५/
खोलीत ज्या स्त्रिया होत्या त्यांच्या भाषेकडे वळा. बाळंतकाढा, बाळंतशोपा, बाळंतविडा, बाळंतरोग: मराठीत बाळंतिणीच्या शरीरासाठी, आहारासाठी, शेक-शेगडीसाठी एक संपूर्ण कोश आहे. डिंकाचे लाडू केव्हा, हळिवाची खीर केव्हा, ओव्याची धुरी किती दिवस, याविषयी कोणत्याही आजीला झोपेतून उठवून विचारा. मनासाठी मात्र शब्द नाही. ‘प्रसूतिपश्चात नैराश्य’ हा शब्द फायलीतला. तो नशिराबादच्या कोणत्याही ओट्यावर कोणी उच्चारलेला मी ऐकलेला नाही. मग मनाचे दुखणे गेले कुठे? ते तीन ठिकाणी गेले: देवघरात, कोर्टात आणि माहेरी परत.

६/
देवघर आधी. पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा मांडतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, ही श्रद्धा. मला या विधीबद्दल आकस नाही. मृत्यूच्या सर्वांत जवळच्या रात्री बायका जाग्या राहत, बाळंतीण एकटी पडत नसे, हे त्यातले व्यवहारज्ञान. पण त्याच समजुतीची दुसरी बाजू अशी की आई वेडीवाकडी वागली तर ‘बाहेरची बाधा’, आणि बाधा झाली म्हणजे तिच्याच हातून काही चुकले. ही दृष्टी खेड्यातली, अडाणी, असे समजू नका. ‘काश्यपसंहिते’च्या रेवतीकल्पात गर्भ आणि अपत्ये हिरावून नेणाऱ्या जातहारिणीचे वर्णन आहे, आणि ती शिरते धर्म सोडलेल्या स्त्रीच्या ठायी. ग्रंथ बालक-वैद्यकाचा, भाषा संस्कृत. दोष मात्र आईचाच. ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणणाऱ्यांनी पूर्वजांनी हेही लिहिले होते, याची नोंद घ्यावी.

७/
आता कोर्ट. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणि शेवटी पाच वर्षांवर आली. वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर आसूड ओढले. त्यांना उत्तर दिले आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी, ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, १८८२ साली. विधवेला गर्भ राहतो तो कोणामुळे, हा ताराबाईंचा प्रश्न होता, आणि तो आजही तितकाच धारदार आहे.

८/
इथे एक पथ्य पाळते. मी विजयालक्ष्मीला एकशे चाळीसहून अधिक वर्षांनी निदान चिकटवत नाही. तिने जे केले ते लोकलज्जेच्या भीतीने, दबावाने, की मन भ्रमिष्ट झाल्याने, हे सांगण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. मुद्दा वेगळा आहे. बाळ कोणाचे, हे सर्वांनी विचारले. बाळंत होऊन काही तासच झालेल्या त्या बाईची मनःस्थिती काय होती, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

९/
हा प्रश्न त्या काळी कोणाला सुचणेच शक्य नव्हते, असे म्हणता येत नाही. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से यांचा गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवरचा ग्रंथ १८५८ सालचा, म्हणजे विजयालक्ष्मीच्या खटल्याआधी तेवीस वर्षांचा. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये प्रसूतीमुळे आलेले वेड हा बचाव न्यायालयांत मांडला जाई आणि ज्यूरी तो अनेकदा मान्यही करत. १९२२ साली तिथे स्वतंत्र कायदाच झाला: प्रसूतीच्या परिणामांतून पुरती न सावरलेल्या, मनाचा तोल ढळलेल्या आईने नवजात बाळाचा जीव घेतला तर तो खून धरायचा नाही. १९३८ साली ही मुदत बाळाच्या वयाच्या बारा महिन्यांपर्यंत वाढवली.

१०/
त्याच इंग्रजांनी इथे काय केले? १८७० साली हिंदुस्थानासाठी जो बालहत्या कायदा केला तो मुली मारण्याच्या चालीविरुद्ध, संशयित जमातींवर पाळत ठेवण्यासाठी. त्याची गरज नव्हती असे मी म्हणत नाही. पण शब्द एकच आणि अर्थ दोन, हे पाहा: लंडनच्या बाईच्या बाबतीत बालहत्या हा आजारी मनाचा प्रश्न, सुरतेच्या बाईच्या बाबतीत जातीच्या रानटीपणाचा. १९२२चा कायदा इकडे आलाच नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बाळंतिणीच्या मनःस्थितीसाठी वेगळी तरतूद नाही. मनोविकलतेचे जे सर्वसाधारण कलम पूर्वी ८४ होते, ते आता २२ झाले आहे, इतकेच. तेव्हा ‘हे विलायती फॅड’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे: आपल्या बायकांना मन असते ही गोष्ट वसाहतवाद्यांनी नाकारली, आणि तुम्ही देशाभिमानाच्या नावाखाली तेच नाकारत आहात.

११/
या अंधारात एक दार उघडे होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यामागची घटना जोतीरावांनीच पुढे नमूद केली आहे: काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपोटी बाळ मारले आणि तिला जन्मठेपेवर काळ्या पाण्याला धाडले. १८८४च्या टिपणात ते सांगतात की तोवर पस्तीस गरोदर विधवा या गृहात येऊन गेल्या. दुसऱ्या एका काशीबाईचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७५ साली पंढरपुरातही असे गृह उभे राहिले.

१२/
आपण ही गोष्ट समाजसुधारणेच्या धड्यात वाचतो आणि पान उलटतो. ती पुन्हा, कारागिरीच्या नजरेने वाचा. संकटात सापडलेल्या बाळंतिणीला मदत मिळावी यासाठी जोतीरावांनी नेमके काय केले? जागा ठरवली. गुप्तता राखण्याचे वचन दिले. कोण, कुठली, बाळ कोणाचे, ही चौकशी टाळली. आणि ती जागा कुठे आहे, हे गावाला दिसेल अशा पत्रकांनी भिंतींवर जाहीर केले. या चौथ्या गोष्टीकडे लक्ष द्या. पत्ता भिंतीवर होता, म्हणून ज्या बाईला कोणाला विचारण्याचीही सोय नव्हती तिलाही तो कळला.

१३/
आता माझ्या गावात येते. माझी चुलत बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वैशाख, खानदेशातला वैशाख म्हणजे काय, हे ज्याने सोसला त्यालाच ठाऊक. खिडक्या बंद, कानाला फडके, खाटेखाली शेगडी. तिसऱ्या आठवड्यापासून ती बोलेनाशी झाली. बाळ रडले की भिंतीकडे तोंड करी. घरचे म्हणाले, अशक्तपणा आहे. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी टाके पाहिले, रक्त तपासले, टॉनिक लिहून दिले आणि म्हणाले, ‘पहिलटकरीण आहे, होते असे.’ सव्वा महिना सरला, सगळ्यांना हायसे वाटले. चौथ्या महिन्यात एका दुपारी ती मला सहज, भाजी निवडता निवडता म्हणाली, की मी नसते तर बाळाचे जास्त चांगले झाले असते. तेव्हा आम्ही जागे झालो. नंतर ती मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, गोळ्या घेतल्या, दर आठवड्याला कोणाशी तरी बोलली, बरी झाली. आज ती हा धागा माझ्याआधी वाचून बसली आहे आणि तिच्याच संमतीने मी हे लिहिते.

१४/
त्या चार महिन्यांत मी, इतिहासाचे दप्तर चाळण्याचे प्रशिक्षण घेतलेली मुलगी, माहिती शोधत होते. इंग्रजीत डोंगरभर सापडली. मराठीत जे हाती लागले ते बहुतांशी ‘आनंदी राहा, सकारात्मक विचार करा’ या वळणाचे. आमच्या बोलीत, लेवा गणबोलीत किंवा पलीकडे धुळ्याकडच्या अहिराणीत तर मला काहीच मिळाले नाही. ज्या बाईला स्वतःला काय होत आहे याचा शब्दच ठाऊक नाही, ती मोबाइलमध्ये शोधणार तरी काय?

१५/
तेव्हाच मी आजीला विचारले, ‘तुमच्या वेळी कोणाला असे व्हायचे का?’ तिने हात झटकला: ‘आमच्या टायमाले असं काही नव्हतं, माय.’ त्या फिरत्या मजकुराचा मूळ पुरावा तो हाच. मग तासाभराने, लसूण सोलता सोलता, तिने आपल्या एका चुलत जावेची गोष्ट काढली. दुसऱ्या मुलीच्या पाठीवर ती पोर अंगावर घेईना, रात्रभर ओट्यावर बसून राही. भगत झाला, अंगारा झाला, मिरचीची धुरी झाली. शेवटी माहेरी पोचवली. नवऱ्याने दुसरे लग्न केले. ‘तिले बाहेरचं झालं होतं,’ आजी म्हणाली. एकाच दुपारी, एकाच तोंडून, दोन्ही वाक्ये; आणि तिच्या लेखी त्यांत विसंगती मुळीच नव्हती.

१६/
मौखिक इतिहास करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. प्रश्न आपल्या शब्दांत विचारलात तर उत्तर ‘नव्हते’ असेच येईल. त्यांच्या शब्दांत विचारा: कोणाला बाहेरचे झाले होते का, कोणाला बाळंतवारा लागला का, कोणती सून माहेरी गेली ती आलीच नाही, बाळंतपणानंतर विहिरीवर कोणाचा ‘पाय घसरला’. गावोगावी उत्तरे आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांनी आपले दुःख नोंदवलेच नाही, हे त्या संग्रहानंतर कोणी म्हणू नये. आपण फक्त त्या दप्तराला दप्तर मानत नाही.

१७/
एक विसंगती विरोधकांच्याही पदरात घालते. जे म्हणतात ‘आज्या बाळंत होऊन लगेच कामाला लागत’, तेच पुढच्या धाग्यात म्हणतात ‘आपल्या संस्कृतीने बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती दिली’. दोन्ही एकदम खरे कसे? ज्या घरी सालदाराची चाकरी होती तिथली बाई कापसाच्या वेचणीला लवकरच उभी राही. ज्या घरी धान्याची कणगी भरलेली होती तिथल्या सुनेला विश्रांती मिळे. सव्वा महिन्याच्या रीतीत खरोखर मोलाचे काही होते: काम नाही, तेल-मालिश, गरम जेवण, सोबतीला आई. ते टिकावे असेच मला वाटते. पण ती रीत कॅलेंडर पाहून संपते, आणि आजार कॅलेंडर पाहत नाही. पहिलटकरीण बाळ घेऊन सासरी परतते ती बहुधा तिसऱ्या महिन्यात, म्हणजे सोबत सुटते नेमकी तेव्हा.

१८/
आणखी एका मूर्तीला हात लावावा लागेल. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. खानदेशाला त्यांचा अभिमान आहे, मलाही आहे. पुस्तक १९३५चे. त्यातली आई दारिद्र्याने आणि दुखण्याने झिजत जाते, हे पानापानावर आहे. आपण मात्र त्यातला त्याग उचलला आणि झीज सोडून दिली. मग ‘मला बाळाजवळ जावेसे वाटत नाही’ असे म्हणणारी आई आपल्याला राक्षसीण वाटते. दोष पुस्तकाचा नव्हे. दोष आपल्या वाचनाचा.

१९/
‘मग सरकारने काय करायचे?’ असे प्रतिसादांत कोणी विचारीलच. संस्थांचा इतिहास थोडक्यात: १८५८च्या कायद्याने वेड्यांची इस्पितळे रीतसर झाली. आज महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. जळगावहून ठाणे काय नि नागपूर काय, सुमारे चारशे किलोमीटर. बाळंतिणीला बाळासह दाखल करून घेणारा खास विभाग बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ साली सुरू झाला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र एक मोठी गोष्ट केली: उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडायचे नाही. ‘दवाखान्यात नेले तर बाळ काढून घेतील’ या भीतीने जी घरे गप्प बसतात त्यांना हे कलम वाचून दाखवा.

२०/
खरी संधी त्याहून जवळ आहे. महाराष्ट्रात आता शंभरातली सुमारे पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. पुढे आशाताई घरी येतात: दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळ जपण्याची ही पद्धत अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध करून दाखवली. १९९९ साली ती जगापुढे आली आणि पुढे देशाने उचलली. म्हणजे बेचाळीस दिवसांत सहा वेळा एक ओळखीची बाई बाळंतिणीच्या खाटेशी बसते. बाळाचे वजन होते, नाळ पाहिली जाते, ताप पाहिला जातो, आईचा रक्तस्राव विचारला जातो. ‘तुला कसे वाटते?’ हे विचारायला दोन मिनिटे लागतात. त्यासाठी साधनही आहे: एडिंबरा येथे १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची यादी, गेल्या सात दिवसांतल्या मनःस्थितीविषयी. (आशाताईंवर आणखी एक काम फुकट लादू नका, हे आधीच सांगते. या सगळ्या भेटींचा मोबदला योजनेत ठरला तेव्हा तो २५० रुपये होता.)

२१/
‘गावातल्या बायकांना मानसोपचार कोण देणार?’ याचे उत्तर आपल्याहून श्रीमंत देशात शोधायला नको. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तिथल्या आरोग्य सेविकांना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच बायकांना, बोलून मन सावरण्याच्या तंत्राचे प्रशिक्षण दिले. नैराश्यात असलेल्या ९०३ माता त्यात सहभागी होत्या. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा ज्यांना ही सोबत मिळाली त्यांच्यात २३ टक्के अजून नैराश्यात होत्या. ज्यांना नेहमीच्याच भेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्के. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. पुढे गोव्यात ‘संगत’ या संस्थेने गावातल्याच सामान्य बायकांकडून हे काम करून पाहिले. पदवी लागली नाही. प्रशिक्षण लागले, वेळ लागला, आणि ऐकून घेणे लागले.

२२/
आत्ता, या घडीला, जळगाव-धुळ्याकडच्या कोणाला हे वाचून घरातली कोणी आठवली असेल, तर इतके करा. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येते. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण चिठ्ठी काढावी. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी औषधे आहेत. ती कोणती आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील, पण ‘दूध तुटेल’ म्हणून उपचार टाळू नका. बाई भ्रमात बोलत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलत असेल, तर तिला क्षणभर एकटी सोडू नका, १०८ला फोन करा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि भगताकडे जायचेच असेल तर जा, मी अडवत नाही. पण रुग्णालयातून परत येताना.

२३/
मी आणि माझ्या बहिणीने गेल्या महिन्यात एक कागद तयार केला. नशिराबादच्या दोन किराणा दुकानांत, एका शिवणक्लासात आणि अंगणवाडीच्या दाराशी तो चिकटवला. दोन ठिकाणी दुसऱ्या दिवशी कोणीतरी फाडला, पुन्हा लावला. शिवणक्लासातल्या कागदावरचा क्रमांक कोणीतरी पेनने उतरवून घेताना त्याची कडा निळी झालेली दिसली. मजकूर इथे देते. आपल्या गावच्या बोलीत फिरवून घ्या, आमचे नाव नको:

‘बाळ होऊन पंधरा दिवस झाले, तरी रडू थांबत नाही? बाळ झोपले तरी झोप येत नाही? बाळाजवळ जावेसे वाटत नाही, जगावेसे वाटत नाही? बाई, तुझी चूक नाही. बाहेरचे नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. १४४१६ला फोन कर. पैसे लागत नाहीत. नाव सांगायला नको वाटले तर सांगू नको.’